गिरजा लोहारणीच्या मुठी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कोणीच नाही. डावीकडे लोहाराची भट्टी, राखेखाली थोडी धग धरून बसलेली. मध्ये ऐरण. उजवीकडे मोहाचं जुनं झाड, त्याच्या सावलीत बांबूचा तट्टा आणि तट्ट्यावर एकमेकींना न शिवता मांडलेल्या लाकडी मुठी. सुऱ्यांच्या, विळ्यांच्या, कोयत्यांच्या. पातं एकीलाही नाही. मागच्या बाजूला तळ्याची पाळ, पाळीवर तीन बगळे, आणि कुठून तरी धानाचं कुटार जळाल्याचा वास. माघातली सकाळ, साल एकोणीसशे पंचावन्न. गाव कोसमतळा, ब्रह्मपुरीहून पहाटे बैलगाडी जुंपली तर जेवणवेळेला पोचावं एवढ्या अंतरावर, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथं. जिल्हा चंद्रपूर, पण त्याला तेव्हा सारे चांदाच म्हणत.

मग कवाड करकरतं आणि गिरजा बाहेर येते.

दिवे तिच्या चेहऱ्यावर टाकू नका. चेहरा साधाच आहे, चाळिशीतला, कपाळावर गोंदण. दिवे हातांवर टाका. डावा तळवा चारचौघींसारखा, चिरा पडलेला. उजवा मात्र वीस वर्षं तेल पिऊन जुन्या शिसवीसारखा काळाभोर आणि गुळगुळीत. त्या हातात खापराची वाटी, वाटीत जवसाचं कोमट तेल. ती खाली बसते, पहिली मूठ उचलते आणि नाकाशी नेऊन हुंगते.

"काय हुंगते वो तिले?" भट्टीच्या आडून आवाज येतो. तो वारलू, तिचा नवरा, गावचा लोहार. "मूठ हाये ते, मोगरा नाई."

"तुमाले काय समजते जी? तुमाले धुराबिगर कायचाच वास येत नाई."

वारलू हसतो. पण ती हसत नाही. दुसरी मूठ उचलते, तीही हुंगते. काही महिन्यांपासून तिला ही सवय लागली आहे, आणि का लागली ते त्या सकाळपर्यंत तिच्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही.

पण ते कळायला आधी तिचं काम कळायला हवं.

पातं घडवणं हे वारलूचं. ठिणग्या, घणाचे ठोके, लाल लोखंड, पाहायला माणसं जमत. मूठ बसवणं गिरजाचं, आणि ते पाहायला कोणी थांबत नसे. तिवसाचं लाकूड ती वर्षभर चुलीवरच्या माळ्यात धूर खात ठेवी. मग तासून, काचेच्या तुकड्यानं खरवडून, प्राजक्ताच्या वाळल्या पानांनी घासून काढी. प्राजक्ताचं फूल किती नाजूक, आणि पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत! त्या पानानं तास तासभर घासलं की लाकूड गालासारखं होई. मग तेल.

जवसाचं तेल ती मुठीला "लावत" नसे, "पाजत" असे. चार थेंब तळव्यावर घ्यायचे, मूठ तळव्यात फिरवत राहायचं, लाकूड गरम होईपर्यंत. मग बाजूला ठेवायची. लाकडाला हवं तेवढं ते पिऊन घेतं. घटकाभरानं सुती चिंधी घेऊन वर उरलेलं सारं पुसायचं, अगदी कोरडं होईपर्यंत. मग चार दिवस सावलीत. पाचव्या दिवशी पुन्हा. असं सात वेळा. जवसाचं तेल लाकडात सुकून घट्ट होतं, त्यामुळे अशी मूठ पाण्यात फुगत नाही, उन्हात तडकत नाही आणि ओल्या हातातून सुटत नाही. सासू धुरपता हे तिला शिकवून गेली होती. सहाव्या वेळेला कंटाळा येतो, मूठ तयारच झाली असं वाटतं, तेव्हा सातव्यांदा पाजायचं, हेही तीच सांगून गेली होती.

आणि ती चिंधी! काम झालं की गिरजा चिंधी कुंपणाच्या काटीवर पसरून टाकी, घरापासून लांब. एकदा धुरपतानं तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात फेकली होती आणि दुपारी त्या बोळ्यातून आपोआप धूर निघाला होता. वारलूचा यावर काही केल्या विश्वास बसत नसे. "अशी चिंधी आपोआप पेटाले लागली तं मी भट्टी काऊन चेतवू?" म्हणे. गिरजा तरी चिंधी पसरून येई.

गावात दंडारीची, म्हणजे तिकडच्या लोकनाट्याची, मंडळी होती. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या दिवसांत दंडार उभी राही, आणि खलनायकाचं काम कोणी करावं तर बापूजीनं. बापूजी तळ्यावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांचा म्होरक्या, छाती रुंद, आवाज असा की पाळीवरून हाक मारली तर जंगलातले बैल वळावेत. त्याच्यासाठी वारलूनं बोथट पात्याचा खंजीर केला होता. गिरजानं त्याच्या मुठीलाही सात वेळा तेल पाजलं. बापूजी म्हणाला, "बाई, नाटकातला खंजीर हाये. पाहनाऱ्याले काय दिसते?"

"पाहनाऱ्याले नाई दिसत," गिरजा म्हणाली, "पन धरून तं तुमीच उभे रायता ना भाऊ."

त्या वर्षी बापूजीनं खंजीर असा काही उगारला की पुढच्या रांगेतल्या बाया पोरं घेऊन उठल्या. तो पुढे सगळ्यांना सांगत राही की अर्धं काम माझ्या आवाजानं केलं आणि अर्धं त्या मुठीनं.

अशी ही बाई. आता तिची चूक सांगतो.

चोपन्न सालच्या सुरुवातीला जवसावर तांबेरा पडला. निळी फुलं आली, बोंडं धरली आणि पंधरा दिवसांत शेतंच्या शेतं गंजून गेली. भैयाजी तेल्याच्या घाण्यावर जवस आलंच नाही. आणि चैत्रात तळ्यावरच्या अकरा जणी गिरजाकडे आपापल्या सुऱ्या घेऊन आल्या. वैशाखात तळ्याचं पाणी उतरलं की मोठी मासेमारी होई. पुरुष जाळी ओढत आणि बाया पाळीवर ओळीनं बसून मासे साफ करत, कापत, वाळवणीला घालत. त्या आठ दिवसांवर ढिवरांच्या घरांचं वर्ष चाले. जुन्या मुठी तडकल्या होत्या, नव्या हव्या होत्या.

मुठी घासून तयार होत्या. तेल नव्हतं.

कोरड्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. फुगल्या असत्या, वर्षभरात फुटल्याही असत्या, पण हातातून सुटल्या नसत्या. गिरजाला ते ठाऊक होतं. पण पांढरी फटक, बिनचमकेची मूठ तिच्या अंगणातून कधी बाहेर गेली नव्हती. चुलीजवळ मडक्यात टोळीचं तेल होतं. मोहाच्या बियांना तिकडे टोळी म्हणतात. त्यांचं तेल दिव्याला, अंगाला, पायाच्या भेगांना. थंडीत तुपासारखं थिजतं, उन्हात पाण्यासारखं सुटतं. मुठीला ते लावायचं नाही, हे धुरपतानं शिकवलेलं तिला पाठ होतं. गिरजा मडक्याकडे दोन दिवस पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं ते तेल घेतलं. एवढ्या वेळेपुरतं, म्हणाली स्वतःशी. मुठी अशा चमकल्या की अकराच्या अकरा जणींनी कौतुक केलं.

वैशाखातल्या त्या दिवशी उन्हात पाळीवर उभं राहवत नव्हतं. ओळीत तिसरी होती गोकुळा. गोकुळासारखी मासे कापणारी बाई त्या तळ्यानं पाहिली नव्हती. मरळीसारखा निसटता मासा तिच्या हातात आला की जणू स्वतःहून आडवा होई. बायका तिच्याशी पैज लावत आणि हरत. गिरजा मागे उभी राहून आपल्या मुठी कशा चालतात ते बघत होती. तेवढ्यात गोकुळाचा हात पुढे सरकला. मूठ जागच्या जागी आणि हात पात्यावर. आवाजसुद्धा झाला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आतल्या बाजूनं हाडापर्यंत चिरलं गेलं.

धावपळ झाली, हळद आली, गाडी जुंपली. आणि गाडीत चढता चढता गोकुळा म्हणाली, "माहंच ध्यान नोतं."

पडलेली सुरी गिरजानं उचलली होती. मूठ उन्हानं घामेजली होती. लाकडातून टोळीचं तेल वर आलं होतं, माशांच्या बुळबुळीत मिसळलं होतं, आणि त्याचा तो गोडसर वास. गिरजानं मूठ पदरानं पुसली. स्वच्छ पुसली. आणि सुरी गोकुळाच्या टोपलीत ठेवून दिली.

जखम भरली. दोन बोटं सरळच राहिली, वाकेनात. गोकुळा पुढे टोपल्या वाहू लागली. कापायला बसणं सुटलं. तिचा नवरा लटारू चारचौघांत म्हणे, "ध्यान कुठी असते हिचं कोन जाने! तोंड चालते नुसतं." सुरुवातीला गोकुळा उलट बोले. पुढे पुढे मान खाली घालून ऐकू लागली, कारण तिला स्वतःलाही तेच खरं वाटत होतं. गिरजा हे सारं कुंपणापलीकडून पाही. पावसाळ्यानंतर भैयाजीनं ब्रह्मपुरीच्या बाजारातून जवसाच्या तेलाचा डबा आणला, पुन्हा मुठी तयार होऊ लागल्या, आणि कोणी मुठीचं कौतुक केलं की गिरजा आत निघून जाई.

तर आता पुन्हा त्या माघातल्या सकाळी या. गिरजा तट्ट्यासमोर बसली आहे. चौथी मूठ हुंगते आणि ती खाली ठेवून वारलूला म्हणते, "गोकुळाच्या सुरीले मी टोळीचं लावलं होतं."

वारलू बाहेर आला. हातातली सांडशी खाली ठेवली. मग म्हणाला, "साऱ्याच सुऱ्यांले?"

"अकरा."

"कोनाले सांगतलं?"

"तुमाले. आता."

वारलू ऐरणीवर बसला. "आता सांगून काय होईन वो? तिचा हात तं गेला. तुह्या सांगन्यानं बोटं वाकतीन का? आपलं नाव जाईन फक्त."

"बोटं नाई वाकनार," गिरजा म्हणाली. "पन लटारू तिले रोज बोलते जी. अन् ते ऐकून घेते."

तिनं तेलाची वाटी झाकली, चिंधी कुंपणावर पसरली आणि ढिवरांच्या वस्तीकडे निघाली. वारलूनं तिला थांबवलं नाही.

गोकुळा दारात जाळं सांधत बसली होती. दोन सरळ बोटांमुळे सुतळी वारंवार सुटत होती. गिरजा समोर उकिडवी बसली. वाटेत ठरवलेली सगळी वाक्यं विसरली.

"गोकुळा, तुहं ध्यान होतं."

"काय म्हन्ते?"

"त्या दिवशी पाळीवर. तुहं ध्यान होतं. मूठच सुटली. जवस भेटलं नाई म्हून मी टोळीचं तेल लावलं होतं. मले मालूम होतं लावाचं नसते. तरी लावलं."

गोकुळाचे हात थांबले. जाळं मांडीवरून घसरलं. तिनं गिरजाकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे.

"वर्षभर?" ती म्हणाली.

"हो."

"वर्षभर मी मलेच शिव्या देऊन राह्यलो, गिरजाबाई. झोपेतून उठून द्यावो. अन् तू कुंपनाआडून पाहून राह्यली होती?"

गिरजानं घसरलेलं जाळं उचलून बाजूला ठेवलं.

"माफी मांगाले आली काय? हे मले कानात काऊन सांगते? मी 'माहं ध्यान नोतं' म्हनलो ते साऱ्या पाळीनं ऐकलं. आता तू बी पाळीवर सांग." गोकुळा उठली, आत गेली आणि कवाड लावून घेतलं.

चार दिवसांनी तळ्याची बैठक होती. जाळी कोणाची, गाळ कोणी काढायचा, हे ठरवायला सगळी वस्ती पाळीवरच्या वडाखाली जमे. बापूजी मधोमध, पुरुष एकीकडे, बाया दुसरीकडे. लोहाराच्या घरच्या बाईचं तिथं काही काम नसे. गिरजा आली तसं बापूजी म्हणाला, "काय बाई, माह्या खंजिराची मूठ ढिली झाली का?"

"भाऊ, मले दोन गोष्टी बोलाच्या हायेत."

आणि तिनं सांगितलं. उभ्यानं, पदर दोन्ही हातांत धरून. मूठ पदरानं पुसली होती तेही सांगितलं, जे गोकुळालासुद्धा सांगितलं नव्हतं.  बायांमधून बुधरीनं तोंड उघडलं. बुधरी गोकुळाच्या शेजारची, जिभेला हाड नसलेली.

"म्हंजे माही सुरी बी तशीच का वो? अन् आमी वर्षभर तेच धरून बसलो! आमचे हात काय दगडाचे हायेत? चमक तं लय होती तुह्या मुठीले. नवरीले बी एवढी हळद नाई लावत!"

कोणी हसलं. गिरजा म्हणाली, "हसा. पन सुऱ्या वापस द्या. साऱ्या. मी दुसऱ्या मुठी बसवून देतो."

"पुन्हा तुह्याचकून?" बुधरी म्हणाली.

"कोनाकून बी बसवा. पन त्या मुठी नोका वापरू."

मागे लटारू बसला होता. तो जमिनीकडे बघत काडीनं रेघा ओढत होता. गोकुळा त्याच्याकडे एकदा वळून पाहून उठली आणि पाळ उतरून घरी गेली. 

संध्याकाळपर्यंत अकरा सुऱ्या लोहाराच्या अंगणात येऊन पडल्या. कोणी हातात दिल्या, कोणी कुंपणावरून टाकल्या. गोकुळाची लटारूनं आणून दिली. त्यानं सुरी पात्याकडून धरून, मूठ गिरजाकडे करून दिली.

दुसऱ्या दिवशी गिरजानं पाती निखाऱ्यावर धरली. आत बसवलेली लाख वितळली आणि मुठी सुटून आल्या. त्या धुऊन, उकळून पुन्हा वापरता येतील का, असं वारलूनं विचारलं. तिनं उत्तर म्हणून एक मूठ भट्टीत टाकली. टोळी प्यायलेलं लाकूड तडतडत पेटलं. मग दुसरी, तिसरी. भाता मंद पडला तसा वारलू पुढे आला आणि त्यानं दोरी हातात घेतली. लग्न झाल्यापासून ती त्याचा भाता ओढत आली होती. त्या दिवशी त्यानं तिचा ओढला, आणि अकरावी मूठ जळेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतरचे दोन महिने लोहाराकडे काम कमी झालं. काही लोक ब्रह्मपुरीच्या बाजारातून लाल रंग दिलेल्या मुठींच्या सुऱ्या घेऊन आले आणि गिरजाला दिसतील अशा कमरेला खोचून फिरले. गिरजा माळ्यावरचं तिवस काढून तासत बसली. आता तिनं एक नवीन गोष्ट सुरू केली होती. तयार मूठ वारलूच्या हातात द्यायच्या आधी ती आपला हात तांदळाच्या पेजेत मनगटापर्यंत बुडवी आणि त्या बुळबुळीत हातानं मूठ आवळून धरी. मग दुसऱ्या हातानं ओढून बघी. जरा सरकली तरी पुन्हा प्राजक्ताची पानं, पुन्हा पहिल्यापासून.

फाल्गुनात दहा मुठींची अर्धी तेलं झाली होती. अकरावी तिनं अजून तासलीच नव्हती. गोकुळाच्या हाताला कशी मूठ लागेल ते तिला कळत नव्हतं, आणि विचारायला जायची हिंमत नव्हती.

एके दिवशी दुपारी गोकुळा पाण्याची घागर घेऊन कुंपणाजवळून चालली होती. गिरजाचा हात पेजेत होता. गोकुळा थांबली. थांबायचं तिच्या मनात नसावं, पण ते दृश्यच तसं होतं.

"हे काय वो? मुठीले पेज पाजून राह्यली का आता?"

"सरकते का पाहून राह्यलो."

"पेजेत अन् मरळीच्या बुळबुळीत फरक असते."

"मरळ कुठून आनू? तलाव तं तुमचा हाये."

गोकुळा हसली नाही, पण घागर खाली ठेवली. आत आली, तट्ट्यावरच्या मुठी मोजल्या. "दहाच हायेत."

गिरजा उठली. भट्टीच्या आडोशाला तिनं पंधरा दिवसांपासून ओल्या गोणपाटाखाली तळ्यातल्या चिकणमातीचा गोळा झाकून ठेवला होता. रोज पाणी शिंपडून मऊ ठेवला होता. तो तिनं गोकुळासमोर धरला. "दाब. सुरी धरते तशी."

"मले सुरी नाई धराची."

"नको धरू. माती दाब."

गोकुळानं बराच वेळ तो गोळा पाहिला. मग डोळे मिटून दाबला. हात काढला तेव्हा मातीत अंगठ्याचा खोल ठसा होता, दोन बोटांचे खोल ठसे होते, आणि उरलेल्या दोन बोटांच्या जागी फक्त पुसटसा ओरखडा. दोघी त्या गोळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. 

मग गोकुळाच म्हणाली, "हे दोन तं जावई हायेत. नुसते बसून रायतेत, कामाले हात लावत नाई."

गिरजाला हसावं की नाही कळेना. गोकुळा हसली तेव्हा ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला तोच पेजेचा हात वर नेला, तसं सारं तोंड पेजेनं माखलं. आतून वारलू विचारत होता, काय झालं म्हणून. त्याला कोणी सांगितलं नाही.

त्या मातीवरून गिरजानं अकरावी मूठ घडवली. पात्याच्या बाजूला पुढे आलेला ओठ, म्हणजे हात कितीही सरकला तरी तिथं अडावा. मध्ये पोट फुगीर, तीन बोटांत बसेल इतकं. मागचा भाग रुंद, तळव्याच्या टाचेवर टेकणारा. आणि खालच्या अंगाला सपाट जागा, दोन जावयांना बसायला. असली वेडीवाकडी मूठ कोणी पाहिली नव्हती. वारलूला ती बेडकासारखी वाटली. पण गिरजानं तिलाही जवस पाजलं, पुसलं, सावलीत ठेवलं. गोकुळा दर चार-पाच दिवसांनी घागर घेऊन येई आणि कुंपणावरूनच विचारी, "झाली का?"

"नाई. तिसरं."

"झाली का?"

"पाचवं."

सहाव्या वेळेला वैशाख तोंडावर आला होता. मूठ सुकली होती, बोटाला तेल लागत नव्हतं. गोकुळा म्हणाली, "आता तं दे. दिसते ना चांगली."

"नाई," गिरजा म्हणाली. "आणखी एक राह्यलं."

मासेमारीचा पहिला दिवस उजाडला. तेच ऊन, तीच पाळ. बापूजीनं हाक दिली, जाळी पाण्यात पडली, आणि बाया ओळीनं बसल्या. गिरजानं दहा जणींना दहा सुऱ्या आधीच पोचवल्या होत्या. नऊ जणींनी त्या आणल्या होत्या. बुधरी लाल मुठीची बाजारातली घेऊन बसली होती आणि गिरजानं पाहावं म्हणून जरा उंचच धरत होती. गोकुळा ओळीत तिसरी बसली, सात वेळा तेल प्यायलेली अकरावी मूठ हातात धरून. लटारूनं स्वतः तिच्यापुढे टोपली आणून ठेवली.

पहिली मरळ तिच्या हातून निसटली. दुसरी अर्धी कापून झाली आणि सुरी थांबली. ओळीतल्या सगळ्या बाया आपापल्या माशांकडे बघत होत्या आणि सगळ्यांचं लक्ष तिसऱ्या जागेवर होतं. गिरजा मागे वडाच्या मुळीवर बसलेली, पदराचं टोक दातात. गोकुळानं हात पाण्यात धुतला, मूठ पुन्हा धरली, पाठीमागचा रुंद भाग तळव्याच्या टाचेला नीट टेकवला. मग तिसरी मरळ. डोकं, पोट, शेपूट. चौथी. पाचव्या मरळीला बुळबुळीत हात पुढे गेला, ओठावर अडला, आणि तिथंच राहिला. ते फक्त दोघींना दिसलं.

पूर्वीसारखा वेग आला नाही, पुढेही कधी आला नाही. पण दुपारपर्यंत तिची एक टोपली रिकामी झाली आणि दुसरी आली. लाल मुठीचा रंग बुधरीच्या तळव्याला लागला होता, तिनं गोकुळाला विचारलं, "कशी चालते वो?"

"तुह्या जिभेपेक्षा हळू," गोकुळा म्हणाली, आणि सारी पाळ हसली. बापूजीचं हसणं जंगलापर्यंत गेलं. पुढं पंधरा-वीस वर्षं त्या वस्तीतल्या बायांनी मुठी गिरजाकडूनच बसवून घेतल्या, आणि प्रत्येकीनं आधी चिकणमातीचा गोळा दाबला. ती तिथली रीतच झाली. बुधरीनंसुद्धा दाबला, पण पुढच्या वर्षी.

त्या दिवशी ऊन उतरू लागलं. जाळी काढून झाली, पुरुष चिलमी ओढत बसले, बाया एकेक करून उठू लागल्या. वारलू सकाळपासून तिसऱ्यांदा बोलवायला आला होता. गिरजानं दिवसभर घोटभर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, वडाच्या मुळीवरून हलली नव्हती.

"चाल ना वो आता," तो म्हणाला. "चालली ना मूठ? पाह्यलं ना डोळ्यानं?"

गिरजानं त्याच्याकडे न बघताच हात वर केला.

"थांबा जी. तिच्या टोपल्यात आणखी दोन मरळी हायेत."